काटेसावर कुणाची

मे महिन्यात भाऊसो नोकरीतून निवृत्त झाले आणि जून संपायच्या आत त्यांनी राहत्या घराची मोजणी पुरी केली. चौतीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजलेल्या माणसाला रिकाम्या हातानं बसवत नाही. मंगळवार पेठेतलं ते चार खोल्यांचं घर त्यांनी दोनदा मोजलं. स्वयंपाकघरातला ओटा भिंतीशी काटकोनात नसून एका टोकाला पावणेदोन इंच बाहेर गेला आहे, हा निष्कर्ष त्यांनी बायकोला चहाच्या वेळी कळवला.

संयोगिताबाई त्या ओट्यावर अठ्ठावीस वर्षं स्वयंपाक करत होत्या.

"मग काय करू? भाकरी तिरकी थापू?"

"मी फक्त वस्तुस्थिती सांगितली."

"ती खात्याला कळवा. मला नको."

बाईंना स्वतःला मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यांनी आपली निवृत्ती नीट लावून घेतली होती. दर रविवारी पेठेतली पंधराएक पेन्शनर मंडळी पहाटेच्या एसटीनं जोतिबाच्या पायथ्याला उतरायची आणि तिथून रानातल्या वाटेनं दीड-दोन तास चालायची. निम्मी मंडळी पक्षी बघायची, निम्मी चित्रं काढायची. बाई पक्ष्यांवाल्या. नवऱ्याला त्यांनी माघापर्यंत या सगळ्यापासून लांब ठेवलं. पण मसाल्याच्या डब्यांवर क्रमांक पडले आणि तिखटाचा डबा 'सात अ' झाला, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला.

"येत्या रविवारी माझ्याबरोबर चला," त्या म्हणाल्या. "पक्षी बघा, नाहीतर चित्रं काढा. काय वाट्टेल ते करा, पण घराबाहेर करा."

पक्षी एका जागी थांबत नाहीत, म्हणून भाऊसोंनी चित्रं निवडली.

कोल्हापुरात चित्र काढणाऱ्या माणसाचं कुणाला नवल नसतं. सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलेला माणूस दोन-चार चित्रकारांना वळसा घालूनच पुढं जातो. त्यामुळे भाऊसोंनी कागद, ब्रश आणि रंगांची पेटी आणली तेव्हा गल्लीत कुणी भुवई उचलली नाही. पानपट्टीवाल्यानं फक्त विचारलं, "जलरंग का तैलरंग?" आणि जलरंग म्हटल्यावर "अवघड हाय," म्हणून पान लावायला घेतलं.

चित्रवाल्यांचे पुढारी जोतीराम सर. हायस्कुलात तीस वर्षं चित्रकला शिकवलेले, आवाज तालमीतल्या वस्तादाचा. त्यांचा एकच नियम होता. अकरा वाजले की ज्यानं त्यानं आपलं चित्र, पुरं असो वा अर्धं, जमिनीवर रांगेत मांडायचं, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवायचे आणि मागं सरून उभं राहायचं. बाकीच्यांनी रांगेवरून चालत जायचं आणि दिसेल ते बोलायचं. रांग उचलेपर्यंत ज्याचं चित्र त्यानं तोंड उघडायचं नाही.

"तोंडानं समजावून द्यावं लागतं ते चित्र न्हवं, भाषण," सर म्हणायचे. रिटायर झालेल्या माणसांना हा नियम पाळणं डोंगर चढण्यापेक्षा जड जायचं.

पहिल्या रविवारी मंडळी नेहमीच्या एका ऊस तुटलेल्या रानात थांबली. बांधावर फुललेली काटेसावर होती. बाकीच्यांनी चित्राची फळी टेकवायला आपापली घडवंची उभी केली. भाऊसोंनी आपली फळी आडवी धरली, पाण्याच्या थेंबानं ती समपातळीत आणली, खिशातलं होकायंत्र काढून उत्तर दिशा धरली आणि कामाला लागले. अकरा वाजता रांगेत त्यांचा कागद मांडला गेला. त्यावर रानाची हद्द, विहीर, गोठा, पाऊलवाट आणि उजव्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण होता. खाली प्रमाण लिहिलं होतं.

सर बराच वेळ त्या कागदापुढं उभे राहिले.

"काटेसावर कुठाय ह्यात?"

भाऊसोंनी वाकून एका वाटाण्याएवढ्या वर्तुळावर बोट ठेवलं. नियमाप्रमाणे बोलता येत नव्हतं.

"बोला, एवढ्या बाबतीत बोला."

"वरून बघितल्यावर एवढीच दिसते."

"वरून कोण बघतंय?"

"खातं," भाऊसो म्हणाले.

मंडळी हसली. संयोगिताबाई लांब उभ्या राहून दुर्बिणीतून भोरड्यांचा थवा बघत होत्या. त्याही हसल्या, पण भोरड्यांकडं बघून.

दुसऱ्या रविवारी सरांनी भाऊसोंची फळी स्वतःच्या हातानं उभी करून दिली, होकायंत्र काढून घेतलं आणि त्यांना काटेसावरीसमोर बसवलं. "समोर बघा. दिसतंय ते काढा. बास."

भाऊसोंनी समोर बघितलं. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो झाडं पाहिली होती, पण झाड म्हणजे मोजणीच्या दुर्बिणीच्या आड येणारी अडचण एवढीच त्यांची समजूत होती. ही अडचण साठ-पासष्ट फूट उंच होती. अंगावर पान नाही. फांद्या पायऱ्यांसारख्या आडव्या निघालेल्या, बुंध्याला काटे, आणि वर सगळीकडं वाटीएवढाली लालभडक फुलं. प्रत्येक फुलात कुणी ना कुणी तोंड घालून बसलेलं. भोरड्या भांडत होत्या, बुलबुल मधे पडत होते, एक खार दोघांनाही न जुमानता फांदीवरून पळत होती. थोड्या थोड्या वेळानं एखादं फूल सुटायचं आणि धप्पदिशी खाली पडायचं. तोडलेल्या रानात पाचट जाळल्याचा वास होता आणि पलीकडं जोतिबाचा डोंगर धुरकट दिसत होता.

ते साडेअकरापर्यंत हलले नाहीत. रांग त्यांच्यासाठी अर्धा तास थांबली. असं आजवर झालं नव्हतं.

चित्र गबाळं होतं. आभाळ वाहून डोंगरात शिरलं होतं. पण काटेसावर जागच्या जागी होती. फांदी जिथून निघते तिथूनच निघाली होती, आणि बांध जिथं तुटतो तिथंच तुटला होता.

रांगेवरून चालणाऱ्यांत त्या दिवशी रानाचा मालक पिराजीही होता. साठीचा, डोक्याला टॉवेल बांधलेला. शहरातली शहाणी माणसं उन्हात बसून काय करतात हे तो दर रविवारी बघायला यायचा. बाकीची चित्रं त्यानं चालता चालता निकालात काढली. "ह्ये धुकं हाय व्हय? फाल्गुनात? ऱ्हाऊ द्या. ही म्हस हाय का गाडी?" भाऊसोंच्या चित्राशी मात्र तो उकिडवा बसला.

"ह्ये बरूबर हाय," तो म्हणाला. "ह्यो माणूस मोजणीतला दिसतोय."

सरांनी कबुली दिली.

पिराजी ताडकन उठला आणि गोठ्याकडं तोंड करून ओरडला, "वयनी! ओ वयनी! हिकडं या जरा! मोजणीवालं सायेब आल्यात!"

बांधापलीकडचं रान झुंबरबाईंचं. पिराजीच्या चुलतभावाची बायको. नवरा गेल्यापासून दोन म्हशी आणि सव्वा एकर ती एकटी सांभाळत होती आणि दिराशी भांडणही. ती हातातलं वैरणीचं ओझं न टाकताच आली.

भांडण काटेसावरीचं होतं. बांध झाडापाशी येऊन वीसएक फूट तुटला होता आणि पुढं वाकडा होऊन निघाला होता. नांगरटीत कुणी कुठं किती सारला हे दोन्ही घरांना तोंडपाठ होतं, फक्त वेगवेगळं. अकरा वर्षं दोघंही झाड आपलं म्हणत होती. ते आपलं असावं असं दोघांनाही वाटायचं ते एकाच कारणानं. त्यांना ते तोडायचं होतं.

"सावलीनं माझ्या उसाच्या चार सऱ्या मारल्यात," पिराजी म्हणाला. "वाढतच न्हाईत."

"आनी चैत्रात कापूस उडतोय त्यो माझ्या वैरणीत," झुंबरबाई म्हणाली. "म्हस खोकती. काटा रुतला तर ऱ्हाती का म्हस? तोडायचंच हाय मला. पर माझं झाड ह्येंनी का तोडायचं?"

"तुमचं कसं?"

"मग तुमचं कसं, भावजी?"

"सरकारी मोजणी का आणत नाही?" भाऊसोंनी विचारलं. रांग अजून उचलली नव्हती. पण हा प्रश्न चित्राबद्दलचा नाही म्हणून सरांनी सोडून दिलं.

दोघंही गप्प झाली. अकरा वर्षांत त्यांचं एवढं एकमत प्रथमच झालं असावं. मोजणी आणली आणि झाड दुसऱ्याचं निघालं तर? त्या भीतीनं पिराजी दोनदा आणि झुंबरबाई एकदा भरलेला अर्ज घेऊन तालुक्याला जाऊन परत आले होते. वाद मिटत नव्हता म्हणून झाड उभं होतं, एवढा साधा हिशेब.

पण आज मोजणी पाहुण्यासारखी आपल्या पायांनी रानात आली होती.

"सायेब, तुमी सांगा," पिराजी म्हणाला. "तुमी काय कुणाकडचं न्हाई. पुढल्या रविवारी नीट बघून चित्र काढा. झाड जेच्या बाजूला निघंल, त्येचं. काय वयनी?"

"मला चालतंय. बाईमानूस म्हनून फशिवनार न्हाईत ह्ये. तोंडावरनं कळतंय."

"कटरवाला मी सांगून ठेवतो. जेचं निघंल त्यो तितल्या तितं तोडंल."

येताना एसटीत संयोगिताबाईंनी वहीत त्या दिवशीचे सोळा पक्षी लिहून काढले आणि वही मिटली.

"त्यातले अकरा त्या एका झाडावर होते," त्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे."

"मग सांगायचं नाही म्हणावं."

"सांगितलं नाही तर ते दुसऱ्या कुणाला तरी विचारतील. आता कुऱ्हाडीची गोष्ट राहिली नाही, कटर बोलावलाय."

"मग खोटं सांगा. हद्दीवर आहे म्हणा, दोघांचं आहे म्हणा."

भाऊसोंनी बायकोकडं असं बघितलं, जणू तिनं त्यांना एसटीत सिगारेट ओढायला सांगितलं होतं. चौतीस वर्षांत त्यांच्या मोजणीच्या साखळीखाली भाऊ भावाशी बोलेनासा झाला होता, एका सरपंचाचा जिना पाडावा लागला होता, खुद्द त्यांच्या मेव्हण्याचं साडेतीन गुंठे रान शेजाऱ्याकडं गेलं होतं आणि मेव्हणा अजून दिवाळीला येत नव्हता. हद्द मात्र त्यांनी कधी बोटभर हलवली नव्हती.

"मेव्हणा आला नाही तरी चाललं," बाई म्हणाल्या. "पण ते झाड गेलं तर मी रविवारी कुठं जायचं ते सांगा."

शनिवारी भाऊसो कुणाला न सांगता एकटेच गेले. पिराजी बाजाराला गेलेला, झुंबरबाई डेअरीत दूध घालायला. फीत, खुंट्या, दोरी आणि फावडं घेऊन त्यांनी दोन तास काम केलं. काटेसावरीच्या बुंध्यापासून थोड्या अंतरावर, पडलेल्या फुलांच्या थराखाली, त्यांच्या फावड्याला जुन्या मोजणीचा दगड लागला. त्यावरची खूण स्पष्ट होती. झाड कुणाचं ते भाऊसोंना कळलं, अगदी इंचापर्यंत कळलं. ते इथं लिहिता येत नाही, कारण पिराजीची सून वाचनालयातून पुस्तकं नेते. दगड त्यांनी पुन्हा झाकला आणि त्यावर हातानं फुलं सारली.

मग ते पिराजीच्या विहिरीच्या काठावर जाऊन बसले. डबा खाल्ला. तिथून झुंबरबाईंच्या गोठ्याशी जाऊन उभे राहिले. परत विहिरीवर आले. असं त्यांनी चार वेळा केलं. गोठ्यातल्या म्हशीनं पहिल्या दोन वेळा मान वर केली, नंतर दखल घेतली नाही.

संध्याकाळी ते जोतीराम सरांच्या घरी गेले.

"एकाच झाडाची दोन चित्रं रांगेत मांडली तर चालतं?"

"दहा मांडा. कागद तुमचा."

"दोन्ही खरी असली पाहिजेत."

"कुठं उभं राहून काढताय त्यावर हाय ते," सर म्हणाले आणि चहा सांगितला.

रविवारी कटरवाला मंडळींच्या आधी हजर होता. मोटारसायकलला बांधलेलं यंत्र सोडून तो झाडाखाली पडलेल्या फुलांत बसला होता आणि मोबाइलवर काहीतरी बघत होता. पिराजीनं नवा टॉवेल बांधला होता. झुंबरबाई इरकलीत होती.

भाऊसो साडेसातला विहिरीच्या काठावर बसले. साडेनऊला सामान उचलून गोठ्याशी गेले. संयोगिताबाईंनी दुर्बीण गळ्यात तशीच ठेवली होती आणि नवऱ्याकडं नुसत्या डोळ्यांनी बघत होत्या.

अकरा वाजता रांग मांडली. भाऊसोंची दोन चित्रं शेवटी, शेजारी शेजारी, कोपऱ्यांना आठ दगड.

पिराजी डाव्या चित्राशी बसला. विहिरीवरून बघितलं की झाडापुढचा वाकडा बांध बुंध्याच्या मागून जाताना दिसतो. झाड अलीकडं येतं, पिराजीच्या रानात, चार सऱ्यांच्या डोक्यावर. त्यानं चित्रातल्या बांधावरून बोट फिरवलं, मग मान वळवून खऱ्या बांधाकडं बघितलं, उठून विहिरीवर गेला आणि तिथून बघून आला.

"तंतोतंत!" तो म्हणाला. "वयनी, बघा. बांध मागं, झाड फुडं. माझं."

झुंबरबाई उजव्या चित्राशी होती. झाड बांध तुटलेल्या जागेत असल्यानं गोठ्यावरून बघितलं तरी बांध झाडामागंच जातो. झाड अलीकडं येतं, झुंबरबाईंच्या रानात. तीही उठून गोठ्याशी जाऊन खात्री करून आली.

"भावजी, तुमी आदी हिकडं बघा. बांध मागं, झाड फुडं. म्हशीची शेपटी सुदिक बरूबर हाय."

"ते चित्र चुकीचं हाय!"

"माझं चुकीचं आनी तुमचं खरं व्हय? एकाच मानसानं काढल्यात!"

दोघंही भाऊसोंकडं वळली.

"सायेब, ह्यातलं खरं कुटलं?"

भाऊसोंनी तोंड उघडलं.

"रांग मांडलीय!" जोतीराम सर गरजले. वर भोरड्यांचा थवा उडाला. "ज्याचं चित्र त्यानं बोलायचं न्हाई!"

भाऊसोंनी तोंड मिटलं. आयुष्यात कुठल्याही परिपत्रकाचं पालन त्यांनी इतक्या आनंदानं केलं नव्हतं.

कटरवाला उठून आला. त्यानं दोन्ही चित्रं बघितली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मला काय करायचंय, कुणाचं बी असूंदे. कुनी तरी हो म्हना, सुरू करतो." त्यानं यंत्राची दोरी ओढली. यंत्र फुरफुरलं.

"थांब!" पिराजी ओरडला. "वयनीच्या सांगन्यावरनं माझ्या झाडाला हात लावलास तर बघ!"

"आनी ह्येंच्या सांगन्यावरनं माझ्या झाडाला लावलास तर तंगडी मोडून हातात दीन!" असं म्हणून झुंबरबाई नवीकोरी इरकल सावरत बुंध्याला पाठ लावून बसली. बुंध्याला काटे होते. ती लगेच थोडी पुढं सरकली, पण उठली नाही.

मग पिराजीही तिच्या शेजारी, मधे दोन हात अंतर ठेवून बसला. ती उठली तर उठू, असा त्याचा बेत होता. ती उठली नाही.

अर्ध्या तासानं कटरवाला यंत्र मोटारसायकलला बांधून निघून गेला. जाताना म्हणाला, "झाड कुणाचं ते ठरवू नका, पर माझी सकाळ कुणी खाल्ली ते तरी ठरवा." त्यावरही एकमत झालं नाही.

रांग उचलली तेव्हा पिराजीनं डावं चित्र मागून घेतलं. "भिंतीला लावतो. पुरावा ऱ्हातोय." आणि ते टॉवेलात गुंडाळून तो विहिरीकडं गेला. उजवं झुंबरबाईंनी घेतलं. ती ते उन्हात धरून बघत राहिली.

मंडळी बाटल्या-डबे भरत होती. संयोगिताबाई नवऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "शनिवारी तुमच्या चपलांना इथलीच माती होती. मोजलंत ना?"

"हो."

"आणि सांगणार नाही?"

"कुणी नियमाप्रमाणे विचारलेलं नाही," भाऊसो म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा सरळ नव्हता. चौतीस वर्षांत त्यांनी केलेली आणि निकाल न दिलेली ही पहिलीच मोजणी होती. बाईंनी त्यांच्या हातातली पिशवी तेवढी आपल्याकडं घेतली.

तेवढ्यात झुंबरबाई चित्र घेऊन तरातरा आली.

"दादा, ह्यो न्याव न्हवं."

भाऊसो वळले. "काय झालं?"

"भावजींच्या चित्रात फुलं किती काढल्यासा? मी मोजली. बत्तीस. आनी माझ्यात सव्वीस. का? मी बाईमानूस म्हनून?"

"तसं नाही. गोठ्याकडच्या फांद्यांवर तेवढीच आहेत. वर बघा. दिसतात तेवढी काढली."

झुंबरबाईंनी वर बघितलंच नाही. "भिंतीला लावायचंय मला. पावनं-रावळं येनार. माझं झाड उघडं दिसाय नको."

भाऊसोंनी काटेसावरीकडं बघितलं. गोठ्याकडची ती खालची फांदी खरोखरच रिकामी होती. एक खार होती, फूल नव्हतं. त्यांनी मागं वळून पिराजी कुठवर पोचला ते बघितलं. तो विहिरीपलीकडं गेला होता. मग ते खाली बसले, रंगांची पेटी परत उघडली, लाल रंगात ब्रश बुडवला आणि रिकाम्या फांदीवर सहा फुलं काढली. झुंबरबाई मोजत होती. तिची सहा मोजून झाली, तेव्हा भाऊसोंनी खारीच्या तोंडाशी आणखी एक काढलं.

"ह्ये कशाला?" झुंबरबाईंनी विचारलं.

"तिला लागंल की," भाऊसो म्हणाले आणि ब्रश धुवायला घेतला.